कोरडा जिल्हा आणि ओली तिजोरी

वर्धा जिल्ह्यातील दारूबंदी ठेवावी की उठवावी, हा वाद आता इतका जुना झाला आहे की, उभय पक्षांच्या मंडळींस आपापले मुद्दे तोंडपाठ आहेत. उठवावी म्हणणारे सांगतात, बंदी कागदावर आणि दारू गल्लोगल्ली. सरकारचा महसूल बुडतो, चोरट्यांचे फावते आणि पिणारा पितोच. ठेवावी म्हणणारे सांगतात, ही गांधीजींची व विनोबांची भूमी. जेथे सेवाग्राम आणि पवनार आहेत तेथे दारूचे दुकान शोभत नाही. पहिला पक्ष स्वतःस व्यवहारी समजतो, दुसरा तत्त्वनिष्ठ. आमच्या मते पहिला पुरता व्यवहारी नाही आणि दुसरा पुरता तत्त्वनिष्ठ नाही. ज्या गोष्टीवर हा सारा प्रश्न उभा आहे ती गोष्ट पहिला पक्ष तोट्याच्या खात्यात एका ओळीने उरकतो, आणि दुसरा तिचे नावही घेत नाही. ती गोष्ट म्हणजे दारूपासून सरकारास मिळणारा पैसा.

दुसऱ्या कोणा जिल्ह्याने ही गोष्ट विसरली तर एक वेळ चालेल. वर्ध्याने विसरता कामा नये. हा प्रश्न अगदी उघडपणे प्रथम मांडला गेला तो ह्याच जिल्ह्यातून. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतिक कारभाराची जी वाटणी झाली तीत शिक्षणाचे खाते हिंदी मंत्र्यांच्या वाट्यास आले आणि त्यांच्याच हाती आबकारीही आली. शेतसारा गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्याकडे राखून ठेवला. मंत्र्याने शाळा काढावयाची म्हटली तर पैसा कोठून आणावा? गुत्त्यावरून. बापाने जितके अधिक प्यावे तितकी मुलाच्या शाळेची सोय अधिक, असा हा विलक्षण हिशेब होता. जुलै १९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारारूढ झाली तेव्हा हा हिशेब त्यांच्या पदरात आयता पडला. गांधीजी त्या वेळी वर्ध्याजवळच्या शेगाव खेड्यात राहत होते. त्या खेड्याचे सेवाग्राम हे नाव पुढे १९४० सालचे. त्याच महिन्यात त्यांनी 'हरिजन' पत्रातून हा पेच देशापुढे ठेवला, आणि त्यांचा रोख स्पष्ट होता: शाळा दारूवर चालणार असतील तर दारू बंद करण्यास कोणीही मंत्री धजणार नाही, सबब प्रथम शाळा दारूच्या पैशापासून सोडवा. ऑक्टोबर १९३७ च्या २२ व २३ तारखांस वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिला आपण नयी तालीम अथवा वर्धा योजना म्हणून ओळखतो ती जन्मास आली. आमच्या शाळामास्तरांनी तिच्यातली टकळी तेवढी लक्षात ठेवली आणि तिची मनमुराद थट्टाही केली. मुलांनी कातलेल्या सुतावर शिक्षकाचा पगार भागेल, हे गणित आम्हांसही कधी पटलेले नाही. ती योजना ह्या बाबतीत फसली ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही. परंतु उत्तर चुकले म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. आणि टकळीची थट्टा करण्याच्या भरात तो प्रश्नच आपण कोनाड्यात ठेवून दिला.

त्या वेळच्या मंत्र्यांनी मात्र तो कोनाड्यात ठेवला नव्हता. १ ऑक्टोबर १९३७ पासून राजाजींनी मद्रास इलाख्यातील सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली. आणि उत्पन्नाचा खड्डा भरून काढण्यासाठी १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर बसविला. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या सरकारने १ ऑगस्ट १९३९ पासून शहरात बंदी आणली. त्यापायी बुडणारा महसूल भरून काढावयाचा म्हणून शहरातील घरांवर व इमारतींवर कर बसविला तेव्हा घरमालकांनी जो गिल्ला केला तो दारूच्या दुकानदारांनीही केला नसेल. वर्धा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे तेथेही १९३८ साली दारूबंदीचा कायदा मंजूर झाला, आणि त्याच वर्षी पेट्रोलच्या विक्रीवर कर बसविणारा कायदा होऊन त्याचा निवाडा नव्या फेडरल कोर्टापुढे गेला. ह्या मंडळींच्या इतर चुका काय असतील त्या असोत. एक गोष्ट त्यांस समजली होती. दारू बंद करावयाची तर तिच्या पैशाची जागा दुसऱ्या पैशाने भरली पाहिजे, आणि तो पैसा ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडून घेतला पाहिजे.

पुढे काय झाले ते वाचकांस ठाऊकच आहे, तरी एकदा शांतपणे पाहावे. विक्रीकर राहिला. तो वाढला, पसरला, प्रांतोप्रांती गेला, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कराच्या पोटात शिरला. म्हणजे दारूऐवजी म्हणून जो कर आम्ही पत्करला तो आम्ही आजतागायत देत आहोत. आणि दारूही परत आली! इतकेच नव्हे, तर २०१७ च्या त्या नव्या व्यवस्थेतून पिण्याची दारू बुद्ध्याच वगळण्यात आली, कारण राज्य सरकारांस आपल्या मुठीतले जे थोडे कर सोडवत नव्हते त्यांत हा एक होता. महाराष्ट्राच्या तिजोरीत राज्य उत्पादन शुल्क खात्यामार्फत येणारा पैसा आज वर्षाला वीस हजार कोटी रुपयांच्या वर आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी पद्धतीच्या दारूवरील शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले, देशी दारूचेही वाढविले, धान्यापासून काढावयाच्या दारूचा 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा वर्ग निर्माण केला, आणि ह्या साऱ्यातून आणखी चौदा हजार कोटी मिळतील असा अंदाज जाहीर केला. त्याच्या आदल्या वर्षापासून त्याच तिजोरीतून 'लाडक्या बहिणी'च्या नावे दरमहा पंधराशे रुपये देण्याची योजना चालू झाली होती. अमुक रुपया अमुक योजनेस, अशी खूण अंदाजपत्रकात नसते, हे आम्ही जाणतो. तिजोरी एकच आणि तीत पडलेल्या रुपयास वास नसतो. परंतु १९३७ साली बापाच्या पेल्यातून मुलाची पाटी निघत होती. आज नवऱ्याच्या बाटलीतून बायकोचा हप्ता निघत नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय?

ह्या कायद्याचीही एक गंमत आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी अधिनियम केला आणि ६ एप्रिल १९५० पासून सर्व राज्यभर बंदी पुकारली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे, विशेषतः मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने ह्यांच्यासंबंधीची, रद्द ठरविली आणि बाकीचा कायदा उचलून धरला. १९५६ साली विदर्भ त्या राज्यात आला आणि तो कायदाही पुढे विदर्भास लागू झाला. साठीनंतर परवान्याचे दार हळूहळू सैल करण्यात आले. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि गावोगावी सरकारमान्य दुकाने थाटली गेली. परंतु कायदा रद्द झाला नाही! त्याचे नाव बदलून 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' असे झाले आहे, आणि आजही पुण्यामुंबईच्या कोणत्याही दुकानात विकली जाणारी प्रत्येक बाटली ह्याच दारूबंदी अधिनियमान्वये विकली जाते. पिणाऱ्याने परवाना घ्यावयाचा, आणि त्यावर कारण कोणते? प्रकृतीचे रक्षण! अमेरिकेत १९२० ते १९३३ ह्या बंदीच्या काळात डॉक्टर लोक व्हिस्कीच्या चिठ्ठ्या लिहून देत, ह्याबद्दल आपण हसतो. तेथे निदान डॉक्टरास चिठ्ठी लिहिण्याचे कष्ट पडत. आमच्याकडे पाच रुपयांच्या परवान्यावर सबंध महाराष्ट्राची प्रकृती एका दिवसापुरती रक्षिली जाते.

तेव्हा महाराष्ट्रात दारूबंदी आहे की दारूविक्री, ह्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकावरून देता येणार नाही. अशा ह्या राज्याने १९७४-७५ च्या सुमारास वर्धा जिल्हा कोरडा केला. कालानुक्रम ध्यानात घ्यावा. ज्या सरकारने १९७३ साली देशी दारूची दुकाने रीतसर उघडली, त्याच सरकारने एकदोन वर्षांत एका जिल्ह्यापुरती ती बंद केली. वर्ध्याच्या मजुरांचे संसार शेजारच्या यवतमाळ-अमरावतीच्या मजुरांच्या संसारांहून अधिक मोलाचे होते म्हणून नव्हे. येथे गांधीजी राहिले होते म्हणून. देव्हाऱ्यासमोर चप्पल घालू नये, इतकाच त्या आज्ञेचा अर्थ. देव्हाऱ्याबाहेर पडल्यावर चप्पल घालावयास मुभा होतीच, आणि सरकारने ती दुसऱ्याच पावलास घातली.

आता ह्या देव्हाऱ्याची चतुःसीमा पाहू. जिल्ह्याच्या पश्चिमेस व दक्षिणेस वर्धा नदी. तिच्या पलीकडे अमरावती आणि यवतमाळ. पूर्वेस व उत्तरेस नागपूर, आग्नेयेस चंद्रपूर. पुलगावचा मनुष्य आगगाडीने धामणगावास जातो तो पुढच्या काही मिनिटांत दुसऱ्या जिल्ह्यात असतो. वर्ध्याहून नागपूर पाऊण शतक किलोमीटर. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे आहेत व ज्याचा मित्र नागपुरास आहे, त्याला ही बंदी कधी जाणवतच नाही; जाणवली तर लग्नसराईत गैरसोय म्हणून जाणवते. आमच्याच वर्गातील अशा गृहस्थांनी 'बंदी फसली' असा निर्वाळा द्यावा, आणि तोही नागपुराहून आणलेला पेला हाती धरून, हा प्रकार आम्हांस किळसवाणा वाटतो. ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे नाहीत तो गावातच घेतो: एक तर सीमेपलीकडच्या सरकारमान्य दुकानांतून चोरवाटेने आलेली बाटली चढ्या भावाने, नाही तर हातभट्टीची. अशा रीतीने बंदीचा भार पैशाच्या उतरत्या क्रमाने वाढत जातो, आणि अखेर जो सर्वांत खाली आहे त्याच्या पोटात मोहाच्या सडव्यातून निघालेले, कोणी न तपासलेले पाणी जाते.

आणि पकडले कोण जाते? वर्तमानपत्रांतील छाप्यांच्या बातम्या वाचाव्यात. अमुक बेड्यावर धाड, इतके ड्रम सडवा नष्ट, भट्टीचे साहित्य जप्त. हे बेडे बहुधा पारध्यांचे. इंग्रज सरकारने ज्या जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरवून नोंदवहीत घातले, १९५२ साली ज्यांना त्या नोंदीतून मुक्त केले आणि मग जमीन, शाळा, धंदा ह्यांपैकी काहीही धड न देता माळावर सोडून दिले, त्यांच्यापैकी काही कुटुंबांनी भट्टी लावली, तर त्यांच्या सडव्यावर कायद्याची काठी पडते. भट्टी लावणे योग्य, असे आम्ही म्हणत नाही. परंतु छाप्यात जी सीलबंद बाटली सापडते तिच्यावर कारखान्याचे नाव असते, उत्पादनाचा महिना असतो, बॅचचा क्रमांक असतो. ती कोणत्या कारखान्यातून निघाली, कोणत्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेली व सीमेपलीकडच्या कोणत्या दुकानात उतरली, हे ज्या खात्याने तिच्यावर पावलोपावली शुल्क घेतले त्या खात्यास ठाऊक नसेल, तर मग कोणास ठाऊक असावयाचे? ती बाटली विकली गेली तेव्हाच तिचे शुल्क तिजोरीत पडलेले असते. वर्ध्यात फुटो की नागपुरात रिकामी होवो, सरकारचा वाटा सरकारास पोहोचलेला असतो. नदीच्या एका काठावर विकणारा आणि दुसऱ्या काठावर पकडणारा एकच असला म्हणजे पकडणे कोणाच्या वाट्याला येईल, हे सांगावयास ज्योतिषी नको. म्हणून, वर्ध्यात दारूबंदी 'फसली' हा शब्दप्रयोगच आम्हांस मान्य नाही. जी मनापासून केलीच नाही ती फसणार कशी?

येथे व्यवहारी पक्ष अमेरिकेचे नाव घेतो. घ्यावे. परंतु सबंध हकीकत सांगावी. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग एके काळी दारूवरील करांतून येत असे, आणि तोवर तेथे बंदीचे नाव निघाले तरी ते टिकणे शक्य नव्हते. १९१३ साली घटनादुरुस्ती होऊन प्राप्तिकर आला, सरकारास दुसरा आधार मिळाला, आणि मग १९१९ साली दारूबंदीची दुरुस्ती संमत होऊन जानेवारी १९२० पासून ती अमलात आली. तिच्या काळात गुंडांची साम्राज्ये उभी राहिली हे खरे. यकृताच्या विकाराने होणारे मृत्यू त्या काळात कमी होते हेही खरे, पण ते कोणी सांगत नाही. डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली ती महामंदीच्या ऐन भरात, जेव्हा प्राप्तिकर आटला होता आणि सरकारास पैशाची निकड होती. रशियाची कथा ह्याहून बोलकी. तेथे झारने १९१४ साली युद्धाच्या तोंडावर व्होडका बंद केली, आणि स्वतःस कामगारांचे सरकार म्हणविणाऱ्या राजवटीने १९२५ साली ती सरकारी मक्त्याने पुन्हा चालू केली. भांडवल पाहिजे होते! राजा जावो, कामगार येवो, दारूचा पैसा दिसला की उभयतांची जीभ एकच बोलते.

विषारी दारूचा मुद्दाही असाच अर्धवट मांडला जातो. बंदी असली की लोक विषारी दारू पिऊन मरतात, असे म्हणून गुजरातकडे बोट दाखविले जाते. २००९ साली अहमदाबादेत आणि २०२२ साली बोटाद भागात अशी माणसे मेली, हे खरेच आहे. परंतु जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली, तेव्हा मुंबईत कोणती बंदी होती? सरकारमान्य दुकाने हाकेच्या अंतरावर होती. मेलेले लोक तेथे गेले नाहीत, कारण शुल्क भरून आलेली दारू त्यांस परवडत नव्हती. विष स्वस्त असते आणि गरीब स्वस्त ते घेतो. बंदी असो वा परवाना असो.

राहिला व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा. प्रौढ माणसाने काय प्यावे हे सरकारने ठरवू नये, हे तत्त्व म्हणून आम्हांस अगदीच अमान्य आहे असे नाही. परंतु ते तत्त्व ज्या घरात सांगितले जाते त्या घरात दोन खोल्या अधिक असतात आणि बायकोच्या नावावर बँकेत काही शिल्लक असते. १९१९ साली रंगभूमीवर आलेला गडकऱ्यांचा 'एकच प्याला' आपल्या वर्गाने किती वेळा पाहिला असेल? सिंधूसाठी आपण रुमाल ओले केले आणि तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळास टाळ्याही दिल्या. सुधाकर वकील होता, आपल्यातला होता. म्हणून त्याचे बुडणे ही शोकांतिका. हिंगणघाटच्या गिरणीतला अथवा समुद्रपूरच्या शेतावरचा मजूर तसाच बुडाला की तो 'सामाजिक प्रश्न' होतो, आणि त्याच्या सिंधूस आपण पुस्तकातले व्यक्तिस्वातंत्र्य ऐकवितो! जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली, १९०८ साली पुण्यात गुत्त्यांपुढे निरोधन झाले त्यास टिळकांनी पाठबळ दिले. ज्यांचे एकमेकांशी एका गोष्टीवरही पटणे कठीण, अशा दोन परंपरांस जे एकाच वेळी दिसले ते आपणांस दिसेनासे का झाले, ह्याचा विचार वाचकांनी आपल्याशी करावा.

ज्यांच्या अंगावर हे सारे शेकते त्या स्त्रियांचे म्हणणे काय? विदर्भात त्यांनी ते पुन्हा पुन्हा सांगितले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग आणि त्यांच्याबरोबर गावोगावच्या लोकांनी चळवळ चालविली तेव्हा १९९३ साली तो जिल्हा बंद झाला. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी ह्यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया वर्षानुवर्षे झगडल्या, चिमूरहून नागपुरापर्यंत पायी गेल्या, आणि १ एप्रिल २०१५ रोजी तेथे बंदी आली. सहा वर्षे वर्धा, चंद्रपूर व गडचिरोली असा एक सलग पट्टा झाला होता. मग २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठविली. समिती नेमली होती, अहवाल आला होता. अवैध विक्री वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला, ही कारणे दिली गेली. त्यांपैकी पहिल्या दोहोंचा बंदोबस्त करणे हे सरकारचेच काम होते, आणि तिसरे कारण सरकारचेच होते. ज्या स्त्रिया पायी चालत गेल्या होत्या त्यांचे मतदान मात्र घेण्यात आले नाही.

मतदान ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. महाराष्ट्रात २००८ च्या विशेष आदेशान्वये अशी सोय आहे की, गावातील अथवा वॉर्डातील पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली की दुकानाविषयी गुप्त मतदान घ्यावयाचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस मिळाली पाहिजेत. म्हणजे जी बाई मजुरीस गेली, जी माहेरी गेली, जी मतदारयादीत असून मृत आहे, ती सर्व उभ्या बाटलीच्या बाजूची धरली जाते. असा डोंगर ओलांडूनही महाराष्ट्रात अनेक गावांनी बाटली आडवी केली. आणि वर्ध्याच्या बाईस ही सोयदेखील नाही! तिच्या गावात परवान्याचे दुकानच नाही, तेव्हा ती मतदान कशाविरुद्ध मागणार? चोरून विकणारा परवानेदार नसल्यामुळे त्याच्याविरुद्ध मत देता येत नाही. तिने तक्रार करावी, पोलिसांनी यावे, पंचनामा व्हावा, विकणारा जामिनावर सुटावा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच दारावरून शीळ घालीत जावा. गांधीजींच्या नावाने मिळालेल्या ह्या विशेष कृपेपायी तिच्या हातात शेजारच्या जिल्ह्यातील बाईपेक्षा कमी सत्ता आहे.

म्हणून बंदी उठवा, असे आम्ही म्हणणार, अशी ज्यांनी अपेक्षा केली असेल त्यांची निराशा होईल. आज बंदी उठविणे म्हणजे नदीपलीकडची दुकाने अलीकडे आणणे आणि हातभट्टी आहे तेथेच राहू देणे. चंद्रपूरचा अनुभव पुन्हा घेण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही. परंतु 'बापूंची भूमी' हा जप करून बंदी ठेवणे हेही आम्हांस मंजूर नाही. गांधीजींचे नाव घ्यावयाचेच असेल तर त्यांनी १९३७ साली ह्याच जिल्ह्यात बसून जे गणित मांडले ते सोडवावे. वर्ध्यात पकडल्या जाणाऱ्या प्रत्येक सीलबंद बाटलीचा माग तिच्या क्रमांकावरून काढावा आणि ज्या दुकानातून ती आली त्याचा परवाना, ते नागपुरात असो वा यवतमाळात, रद्द करावा. एका वर्षात दहा परवाने रद्द झाले तर शंभर छाप्यांहून अधिक काम होईल. सीमेलगतच्या गावांत नवी दुकाने देणे थांबवावे. सेवाग्रामास १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्याला दारू सोडावयाची आहे त्याच्यासाठी जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यात उपचाराची सोय का नसावी? त्याचा खर्च त्या वीस हजार कोटींतून निघावा, आणि तो वेगळा दाखवावा, म्हणजे कोणी किती दिले व कोणासाठी दिले हे लोकांस कळेल.

हे सर्व पाच वर्षे मनापासून करावे. त्यानंतर जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील स्त्रियांस विचारावे: आडवी की उभी? उभी आली तर ती आम्ही निमूटपणे मान्य करू, आणि मग सेवाग्रामच्या रस्त्यावर दुकान उघडले तरी 'पवित्र भूमी'च्या नावाने आमच्याकडून एक अक्षर निघणार नाही. मतपत्रिकेचा नमुना २००८ पासून तयार आहे, आणि मतदारयाद्याही जिल्हा कचेरीत आहेत. आदेशात दुरुस्ती करावयास मुंबईस एक बैठक पुरे.